पीएचडी करता करता शरीराचं काय झालं? (टूथपेस्टचं टोपण आणि इतर)

तळटीप
हा धागा मी डाव्या हाताने टाइप करतेय आणि मधेमधे फोनला बोलून लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी.

झालं असं की मागच्या मंगळवारी सकाळी टूथपेस्टचं टोपण उघडेना. नवीन ट्यूब नाही, तीच रोजची, फिरवायच्या टोपणाची. उजव्या अंगठ्याने धरून फिरवायला गेले आणि मनगटात अंगठ्याच्या बाजूला अशी सणसणीत कळ गेली की ट्यूब बेसिनमध्ये. मग दातात धरून उघडलं. आरशात बघतेय तर दातात टोपण धरलेली मी, आणि पहिला विचार काय आला असेल? की आज लॅबमधली ९६ खणांची प्लेट भरायचीय ती कशी भरणार. डॉक्टरकडे जावं हा दुसराही विचार नव्हता, तिसरा असेल कदाचित.

जीवशास्त्रात पीएचडी, पाचवं वर्ष. काम म्हणजे पिपेटचं (थोडाथोडा द्रव मोजून टाकायचं साधन) बटण अंगठ्याने दाबायचं, सोडायचं, टिप उडवायची, नवी लावायची, पुन्हा दाबायचं. दिवसात किती वेळा ते मोजायचं मी दुसऱ्या वर्षी सोडलं. दुखत होतं सात महिन्यांपासून. आधी म्हटलं कॉन्फरन्स झाली की दाखवू, मग पेपर पाठवला की दाखवू, मग पेपर रिव्हिजनला परत आला, मग ज्युनियरला शिकवायचं होतं. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. मी बहुतेक किंचाळले, कारण बाहेर बसलेल्या बाई आत डोकावल्या.

आजाराचं नाव डी क्वेर्व्हेन. अंगठा हलवणारे दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाशी एका अरुंद आवरणातून जातात, ते आवरण जाड होतं आणि टेंडन अडकतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलंय, म्हणजे माझ्या दुखण्याला सव्वाशे वर्षांची थोर परंपरा आहे. लॅबमध्ये सांगितलं तर एका सीनियरने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सुचवलं, 'डाव्या हाताने पिपेटिंग शिकून घे, मी पण तेच केलं.'

मी पण तेच केलं!! हे वाक्य तेव्हापासून डोक्यात फिरतंय.

मनाच्या आरोग्याबद्दल आता निदान तोंड फुटलंय. २०१८ चा नेचर बायोटेक्नॉलॉजीमधला सर्व्हे बऱ्याच जणांनी वाचला असेल, २६ देशांतले २२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएचडीवाले, ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं. त्यावर निदान बोललं तरी जातं. पण अंगठा, पाठ, पोट, केस याबद्दल कुणी बोललं की 'सगळ्यांनाच होतं गं'. तर सगळ्यांनाच काय काय होतं ते एकदा लिहूया. तुमचं काय बिघडलं आणि किती दिवस अंगावर काढलंत?

अर्धविराम
वाचतेय. आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत, चौथा चॅप्टर उघडा आहे. उद्या सविस्तर लिहिते.

बोरूबहाद्दर
@अर्धविराम, अडीच वाजता 'उद्या लिहिते' म्हणणं हेच सविस्तर उत्तर आहे.

माझं इतिहासात झालं, सात वर्षं लागली. आमच्याकडे पिपेट नाही पण दप्तरखाना आहे. जुनी कागदपत्रं टेबलावर सपाट ठेवून वाचायची असतात, हातात उचलून धरता येत नाहीत, म्हणजे मान खाली घालून सहा सहा तास. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. २०१४ मध्ये एका मणक्याच्या सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर हिशोब केला होता की मान ६० अंशात वाकवली तर मानेच्या मणक्यांवर जवळपास २७ किलोचा भार येतो. मॉडेल आहे, खऱ्या माणसावर मोजलेलं नाही, पण माझ्या मानेला ते लगेच पटलं.

तिसऱ्या वर्षी उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी काय केलं, तर नोट्स काढायला डावीकडे बसायला लागलो. म्हणजे तळटीपताई, तुमच्या सीनियरला हसू नका, आम्ही सगळे तेच करतो. एक अवयव गेला की दुसऱ्यावर ढकलायचं. शिवाय १४ किलो वजन वाढलं ते वेगळंच, आणि ते कधी वाढलं विचाराल तर प्रबंधाच्या पानांच्या प्रमाणात.

स्पष्टवक्ता०७
राग मानू नका पण मला हा धागा जरा लाडावलेला वाटतोय. दिवसभर खुर्चीत बसणारे जगात कोट्यवधी लोक आहेत. नर्स रात्रपाळी करतात, ड्रायव्हर बारा तास बसतात, शिलाई कामगारांच्या पाठी बघा. पीएचडी स्वतःहून घेतलेली आहे, एसीत बसून वाचायचं असतं आणि वेळ तुमच्या हातात असतो. थोडा व्यायाम करा, वेळेवर झोपा. त्यात पीएचडीचं वेगळं असं काय?

बोरूबहाद्दर
ड्रायव्हरचं नाव काढलंत म्हणून सांगतो, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. बसून राहण्याचा आणि हृदयविकाराचा संबंध पहिल्यांदा नीट दाखवला तो ड्रायव्हर लोकांमुळेच. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. लंडनच्या दुमजली बस. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करून तिकिटं फाडणार. एकच कंपनी, एकच रस्ता, आणि हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. आपण पीएचडीवाले त्या बसमधले ड्रायव्हर, फरक एवढाच की आपल्या बसला शेवटचा स्टॉप कुठे आहे ते गाईडलाच माहीत. (कधीकधी त्यांनाही नसतं.)

क्षेपक
गोष्टीचा उत्तरार्ध राहिला बोरूबहाद्दर. १९५६ मध्ये मॉरिस यांनीच पुन्हा एक लेख लिहिला, या वेळी गणवेशांच्या मापांवर. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मुळातच कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे सगळा दोष सीटवर टाकता येत नाही, ड्रायव्हर व्हायला येणारी माणसंच आधीपासून थोडी वेगळी होती. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच पँटी मोजून शंका घेणारा संशोधक मला फार आवडतो.

म्हणून स्पष्टवक्ता यांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पीएचडीला येणारी माणसंच कदाचित अंगावर काढणारी असतील. पण मग ती जागाही तशीच आहे, जिथे अंगावर काढणाऱ्याचं कौतुक होतं.

तळटीप
@स्पष्टवक्ता०७, राग नाही. वेळ आमच्या हातात आहे म्हणता ना, तीच तर गोची आहे. पाळी संपते, शिफ्ट संपते, पीएचडी रात्री आठला संपत नाही. जेवताना अपराधी, झोपताना अपराधी, चालायला गेलं तर कानात पॉडकास्ट तोही विषयाशी संबंधित. पेशी वाढवत असाल तर त्यांना रविवार कळत नाही, त्यांना ठरलेल्या तासाला खाद्य लागतं म्हणजे लागतं. आणि तब्येत बरी नाही म्हणून सुट्टी मागायची ज्या माणसाकडे, त्याच माणसाच्या शिफारसपत्रावर पुढची नोकरी अवलंबून. नर्सचे हाल आमच्यापेक्षा जास्त असतील, मी स्पर्धा लावलेलीच नाही.

नाडीपरीक्षक
डॉक्टर आहे, माझ्याकडे संशोधन करणारी मुलं बरीच येतात म्हणून लिहितो. पेशंट न बघता निदान करत नाही, ही सर्वसाधारण माहिती समजा.

हाताच्या मुंग्या. कुठल्या बोटांना येतात ते नीट बघा, डॉक्टरला अर्धं उत्तर तिथेच मिळतं. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर, रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दाबली गेल्याचा संशय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असेल तर ती नस वेगळी, ती कोपरातून जाते. टेबलाच्या कडेवर कोपर रोवून तासन्‌तास वाचणाऱ्यांना हे होतं. आणि मानेतून येणाऱ्या मुंग्यांचा मामला आणखी तिसरा. बोरूबहाद्दर, डावीकडे बसण्याने यातलं काहीही बरं होत नाही.

पोट. 'टेन्शनने अल्सर झाला' असं मुलं सांगत येतात. अल्सरची मुख्य कारणं दोन, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं होतं, पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तर नुसत्या टेन्शनला बोल लावण्याआधी आठवा, पाठीसाठी आयब्युप्रोफेन कधीपासून घेताय, रोज घेताय का, आणि रिकाम्या पोटी कॉफीबरोबर घेताय का. तिन्हीला 'हो' म्हणणारे मी आठवड्याला एक तरी बघतो. शौचाला काळं, डांबरासारखं झालं तर चॅप्टर बाजूला ठेवून त्याच दिवशी या.

अजून एक, याला कोणी मनावर घेत नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका. बसून राहिल्याने पायात गुठळी होऊ शकते, विमानातच व्हायला हवी असं नाही. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी तासन्‌तास कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या एका तरुणाची अशी केस छापली होती, ती गुठळी फुप्फुसात गेली होती.

अर्धविराम
आले. झोप झाली, पाच तास. @नाडीपरीक्षक आधीच सांगते म्हणजे ओरडणार नाही.

माझं मास्टर्सच्या प्रबंधाच्या वेळेपासून सुरू आहे, सबमिशन झालं की मी आजारी. दर मोठ्या डेडलाइनच्या दुसऱ्या दिवशी. डेडलाइनपर्यंत ठणठणीत, अपलोड बटण दाबलं की संध्याकाळपर्यंत अर्धं डोकं धरतं. मला वाटायचं मीच विचित्र आहे. मग २०१४ चा एक अभ्यास सापडला, न्यूरोलॉजी नावाच्या नियतकालिकात आलेला, मायग्रेन असलेल्यांच्या डायऱ्यांवरून, ताण उतरल्यावर पहिल्या सहा तासांत अटॅकचा धोका सगळ्यात वाढतो असा. म्हणजे शरीर म्हणतं बाई आता तू मोकळी, आता माझा नंबर.

आणि केस. याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. अर्ध्या वर्षाच्या प्रेझेंटेशननंतर सगळं छान चाललं होतं, गाईड खूश, मी खूश, आणि तीन महिन्यांनी बाथरूमच्या जाळीवर केसांचा उंदीर. रोज एक. मी चक्क मोजायला लागले, पांढऱ्या टॉवेलवर पसरून दहा दहाचे गट करून. एक दिवस २१४ झाले. संशोधनाची सवय हो, एक्सेलमध्ये पण घातलं. पाळी दोन महिने आलीच नव्हती ते मात्र मोजलं नव्हतं, ते डॉक्टरांनी विचारल्यावर लक्षात आलं.

नाडीपरीक्षक
रोज १०० पर्यंत केस जाणं नेहमीचं धरतात. मोठा ताण, ताप, एकदम वजन कमी होणं, यानंतर दोन ते तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. उशिरा गळतात म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड घालताच येत नाही, माणूस शॅम्पू बदलत बसतो. बहुतेकांचे केस परत येतात. पण फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघून घ्या, आणि पाळी चुकली तर ते आधी सांगायचं, केसांच्या नंतर नाही. एक्सेल शीट घेऊन आलात तरी चालेल, आम्हाला आवडतं.

क्षेपक
माझा विषय मानसशास्त्र. तळटीप यांनी मन आणि शरीर असे दोन कप्पे केलेत त्यावर थोडं बोलतो. हा कप्पा किती कच्चा आहे ते दाखवणारा माझा लाडका प्रयोग १९९८ चा, जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दंतवैद्यकीचे ११ विद्यार्थी घेतले, त्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. तोच माणूस, तेच तोंड, तेवढीच जखम. परीक्षेच्या वेळची भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, आणि अकरापैकी एकाचीही परीक्षेत सुट्टीइतक्या लवकर भरली नाही. अकराच माणसं आहेत हे मान्य, पण अकराच्या अकरा एकाच दिशेला.

ती तर फक्त एक परीक्षा होती. आपली परीक्षा पाच वर्षं तीन दिवसांवर आलेली असते. कागदाने बोट कापलं तरी माझं पंधरा दिवस बरं होत नाही, तेव्हा मला तो टाळू आठवतो.

स्पष्टवक्ता०७
हे जखमेचं माहीत नव्हतं. मुद्दा अजून पूर्ण पटलेला नाही, निवड तुमची आहे हे मी म्हणणारच. बाय द वे, खुर्ची कुठल्या प्रकारची घ्यावी? बहिणीसाठी विचारतोय, तिची थिसिस चालू आहे आणि ती गादीवर पालथी पडून टाइप करते.

बोरूबहाद्दर
हाहा, 'बहिणीसाठी'. खुर्चीपेक्षा लॅपटॉपचं बघा. स्क्रीन आणि कीबोर्ड चिकटलेले असतात, एक बरोबर उंचीवर आणला की दुसरा चुकतो. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं घालून स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि कीबोर्ड वेगळा जोडायचा. माझ्या प्रबंधाची बांधलेली प्रत या कामाला उत्तम आहे, एवढ्या वर्षांत तिचा झालेला हा पहिला उपयोग.

मार्जिनमधली_शाई
प्रतिसाद द्यावा की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा आहे, वीसेक वर्षं गाईड म्हणून काम करतोय.

माझ्याकडे एक मुलगा होता. हुशार, कामसू, लॅब बंद करून जाणारा शेवटचा तोच. एका वर्षी सुट्टीनंतर भेटला तर चांगला बारीक झालेला, गालफडं दिसायला लागलेली. मी म्हणालो, 'वा, फिट दिसतोस, धावायला लागलास की काय?' तो हसला, म्हणाला 'हो सर, थोडंसं.' मीटिंगमध्ये तो दोनदा पाणी प्यायला उठला, ते मी बघितलं. तिसऱ्यांदा बाटलीच घेऊन बसला, तेही बघितलं. आणि मी त्याला आलेखाच्या अक्षांवरचा फॉन्ट मोठा करायला सांगितला. सहा आठवड्यांनी त्याला चक्कर येऊन भरती करावं लागलं, साखर चारशेच्या पुढे. टाइप वन डायबेटिस. तो पीएचडीमुळे झाला नाही, तसा होत नाही, ते मला माहीत आहे. पण सहा आठवडे तो तहान, वजन, थकवा सगळं 'डेडलाइनमुळे' या खात्यावर टाकत होता, आणि मी त्याला 'फिट' म्हणून मोकळा झालो होतो.

बरा आहे तो आता, पदवीही मिळाली. त्यानंतर मी मीटिंगची सुरुवात डेटाऐवजी 'झोप किती होतेय, डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास' या प्रश्नाने करतो. मुलं खोटं बोलतात. कळतं मला, मीही माझ्या गाईडशी बोलायचो.

अर्धविराम
सर, ते 'हो सर, थोडंसं' वाचून गलबललं. मी अगदी असंच्या असं बोललेय.

नाडीपरीक्षक
वरच्या प्रतिसादात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, 'डेडलाइनमुळे या खात्यावर'. थकव्याला संशोधकांकडे तयार उत्तर असतं म्हणून रक्ताची कमतरता, थायरॉइड, डायबेटिस, ड जीवनसत्त्व सगळं त्याच्यामागे लपतं. सूर्य मावळल्यावर घरी जाणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व खरंच बघून घ्या. आणि कॉफी, प्रौढ निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत ठीक धरतात, पण ते अंगातून अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा मोठा मग रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. मग 'मला झोपच येत नाही' म्हणून दोन पानं अजून लिहायची.

क्षेपक
कॉफीचं वाचून मग खाली ठेवला. परत उचलला. प्रामाणिकपणे सांगतोय.

स्पष्टवक्ता०७
बहिणीला धागा पाठवला. तिचं उत्तर जसंच्या तसं: 'सबमिशन झालं की वाचते.'

तळटीप
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवणारा स्प्लिंट मिळालाय, झोपतानाही घालायचा. फरक आहे, पण हळू. डॉक्टर म्हणाले अजून काही आठवड्यांत नाही झालं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन बघू. गाईडना सांगितलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल, तर त्यांनी ड्रॉवर उघडून स्वतःचा जुना स्प्लिंट दाखवला. त्यावर हसावं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक पिपेट मागवलीय, ती हलक्या स्पर्शाने चालते, अंगठ्याने जोर लावावा लागत नाही. म्हणजे ती बाजारात होती इतकी वर्षं.

बोरूबहाद्दर
छान. मुख्य प्रश्नाचं सांगा, टोपण उघडतं का?

तळटीप
नाही अजून. वर उचलायच्या झाकणाची ट्यूब आणलीये.